वजन उतरविण्याच्या शस्त्रक्रियेनंतरचा आहार : खोडव्याची निगा



आमच्या नावाने या पत्रिकेत आजवर जे लेख आले ते बेणे निवड, लागणीचे अंतर, हुमणी, पाचट अशा विषयांवरचे. या खेपेचा विषय निराळा आहे, पण तो काढण्यास सभासदांनीच भाग पाडले. गेल्या दोन हंगामांत ऊस नोंदीसाठी फिरताना निदान सहा घरांतून आम्हाला बाजूला घेऊन विचारले गेले की, "साहेब, तुमचं ते पोटाचं ऑपरेशन झालं, त्यानंतर खायचं काय? आणि किती दिवस पाळायचं?" कुणाच्या मुलाचे ऑपरेशन ठरले आहे, कुणाच्या घरातल्यांचे होऊन तीन वर्षे झाली आहेत आणि वजन पुन्हा चढू लागले आहे. एकेका अंगणात उभ्याने उत्तर देऊन भागत नाही, सबब हा लेख.

आम्ही डॉक्टर नाही. शेतकी पदविका घेतलेला माणूस जितके समजून घेऊ शकतो तितके आम्ही घेतले आहे, आणि २०१७ सालापासून ते स्वतःच्या पोटावर वागवीत आहो. ऑपरेशन कुणी करावे, कुणी करू नये, हा निर्णय सर्जनचा. येथे फक्त जेवणाविषयी, तेही पहिल्या दोन-चार महिन्यांच्या पेज-सूपाविषयी नाही, कारण त्याचा छापील कागद दवाखान्यातून मिळतोच. पुढच्या वर्षांचा कागद मात्र बहुतेकांच्या कपाटात तळाशी जातो.

आपल्याकडे लागणीच्या उसाला जितके जपतात तितके खोडव्याला जपत नाहीत हे आम्ही ओरडून सांगत आलो आहो. लागणीला बेणेप्रक्रिया, खताचे हप्ते, बांधणी, सगळे वेळच्या वेळी. आणि ऊस तुटून गेला की खोडवा देवाच्या भरवशावर. मग उतारा घसरला की दोष जातीला. या शस्त्रक्रियेचेही तेच होते. ऑपरेशनच्या वेळी सगळे घर धावते, पहिले वर्ष वजनकाट्यावर आनंदात जाते, आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षी माणूस निर्धास्त होतो. आम्हीही झालो होतो.

आता पोटात नेमके काय करतात ते पाहू. मुख्य प्रकार दोन. पहिल्याला स्लीव्ह म्हणतात. जठराचा सुमारे तीन चतुर्थांश किंवा त्याहून थोडा अधिक भाग कापून काढतात आणि उरलेल्या जठराची केळ्याच्या आकाराची नळी राहते. तिच्यात सुरुवातीस शंभर ते दीडशे मिली, म्हणजे चहाच्या एका कपाइतकेच अन्न मावते. भूक लागल्याचा निरोप मेंदूकडे धाडणारे जे द्रव्य जठराच्या वरच्या फुगीर भागात तयार होते, तो भागच गेल्यामुळे भूकही मंदावते. दुसरा प्रकार बायपासचा. यात जठराच्या तोंडाशी जेमतेम तीस मिलीची पिशवी करतात, आणि तिला लहान आतडे थेट जोडतात. बाकीचे जठर व आतड्याचा सुरुवातीचा तुकडा शरीरातच राहतो, पण अन्न त्यातून जात नाही. जसे मुख्य पाट सोडून बगल पाटाने पाणी खालच्या रानात न्यावे आणि मधल्या वाफ्यांना ते मिळू नये, तसे.

ही कल्पना नवीन नाही. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात डॉ. एडवर्ड मेसन यांनी १९६६ साली बायपासची पहिली शस्त्रक्रिया केली. अल्सरसाठी ज्यांचे अर्धे जठर काढावे लागे ते रोगी पुढे लठ्ठ होत नाहीत, हे ध्यानात आल्यावरून ती कल्पना निघाली. आज हे काम दुर्बिणीतून होते आणि पुण्या-मुंबईतच नव्हे तर इतर मोठ्या शहरांतही होते.

आणि टिकते का? स्वीडनमध्ये १९८७ साली एक मोठी पाहणी सुरू झाली. शस्त्रक्रिया झालेले दोन हजार आणि न झालेले जवळजवळ तितकेच लठ्ठ लोक घेऊन त्यांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा केला गेला. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात असे दिसले की बायपास झालेल्यांचे वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्क्यांनी उतरले, आणि दहा वर्षांनी ती घट २५ टक्क्यांवर स्थिरावली. शस्त्रक्रिया झालेल्या गटात मृत्यूही कमी झाले. म्हणजे लाभ खरा आहे, आणि थोडे वजन परत येणे हेही बहुतेकांच्या वाट्याचे आहे. ते थोडेच यावे की सगळे यावे, हे पुढच्या जेवणावर पुष्कळसे ठरते.

साखर, गूळ आणि उसाचा रस

साखर कारखान्याच्या पत्रिकेत हे लिहिताना आम्हाला थोडे अवघडल्यासारखे होते, परंतु लपवून चालणार नाही. दिवाळीला सवलतीची साखर आपण सर्वांनी आनंदाने न्यावी. मात्र ज्याची ही शस्त्रक्रिया झाली आहे त्याच्या ताटात ती फार जपून यावी.

आमच्या माहितीतल्या एका सभासद भगिनीची बायपास झाली. मधुमेह होता, तो पुष्कळ आटोक्यात आला, घरात आनंद. दुसऱ्या वर्षी होळीला त्या भावाकडे गेल्या. भावजयीने आग्रहाने दोन पुरणपोळ्या आणि वर गुळवणी वाढली. बाईंनी वर्षभर पोळी खाल्ली नव्हती, त्यांनाही मोह झाला. वीसेक मिनिटांत दरदरून घाम, छातीत धडधड, पोटात कळा, उभे राहवेना. घरच्यांना वाटले हृदयविकार. जीपमध्ये घालून तालुक्याला नेले, छातीचा आलेख काढला, तो साफ निघाला. तेथल्या डॉक्टरांनी पोटावरच्या बारीक खुणा पाहून विचारले तेव्हा उलगडा झाला.

याला डॉक्टर लोक डंपिंग म्हणतात. एरवी जठराच्या खालच्या टोकाशी झडप असते, ती अन्न थोडे थोडे आतड्यात सोडते. बायपासमध्ये ती वाटच बदललेली असते. गोड पदार्थ एकदम आतड्यात ओतला जातो, साखर आजूबाजूचे पाणी आपल्याकडे ओढते, आतडे फुगते, मग घाम, धडधड, जुलाब. हा झाला पहिला प्रकार, जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आतला. दुसरा प्रकार एक ते तीन तासांनी येतो. रक्तात साखर झपाट्याने चढली म्हणून शरीर गरजेपेक्षा जास्त इन्सुलिन सोडते आणि साखर नको तितकी खाली येते. हातपाय थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. त्या घटकेला थोडी साखर द्यावीच लागते, आणि लागोपाठ दूध, फुटाणे असे काही. परंतु हे वरचेवर होऊ लागले तर पेढा खिशात ठेवून भागवू नये, डॉक्टरांना दाखवावे. स्लीव्हमध्ये हा त्रास तुलनेने कमी होतो. पण कमी होतो म्हणजेच गोड निमूटपणे खपून जाते, आणि तो धोका निराळाच. त्याविषयी पुढे सांगतो.

"साखर नको तर गूळ चालेल ना? रस तर निसर्गाचा आहे" असे आम्हाला हमखास विचारतात. मंडळी, रसाचा ब्रिक्स पाहण्यात आमची वीस वर्षे गेली. पक्व उसाच्या रसात शंभर मिलीला पंधरा ग्रॅमच्या आसपास साखर असते. दोनशे मिलीचा पेला म्हणजे तीस ग्रॅम, चहाचे सहा चमचे, तेही चावण्याची गरज नसलेले. गूळ म्हणजे तोच रस आटवलेला. त्यात थोडी खनिजे राहतात हे खरे, पण आतड्याला आणि वजनकाट्याला तो साखरेसारखाच. काकवीचेही तेच. गुऱ्हाळावर गेलो की आम्ही आता वास घेतो आणि बोटाच्या टोकावर येईल तितके चाखतो. तितके पुरते.

आमचा चहा

आता स्वतःची गोष्ट. ऑपरेशनच्या दिवशी आमचे वजन १३४ किलो होते. बांधावर चालताना दम लागे, गुडघे बोलत, झोपेत श्वास अडके. दीड वर्षात ८६ वर आलो. चिटबॉयच्या मोटरसायकलवर मागे बसलो तर पूर्वी टायर बसायचा, आता तो पोरगा विचारी, "साहेब, बसला का?"

२०२२ च्या हंगामात काटा ९७ वर गेला. आम्ही शपथेवर सांगत होतो की आम्ही जेवतच नाही. जेवत नव्हतो हे खरेच. सौभाग्यवतींनी एक वही केली आणि तोंडात जाईल ते सर्व आठ दिवस लिहायला लावले. त्या वहीत निघाला चहा. दिवसाला दहा घरे, प्रत्येक घरी अर्धा कप. अर्ध्या कपाला दोन चमचे साखर, चमचा पाच ग्रॅमचा धरला तर दहा ग्रॅम. दहा घरी शंभर ग्रॅम, म्हणजे नुसत्या साखरेच्या चारशे कॅलरी. महिन्याला अडीच किलोच्या वर साखर आम्ही लोकांच्या ओसरीवर बसून रिचवीत होतो, आणि कधी डंपिंग झाले नाही म्हणून कळलेही नाही. चहाबरोबर बुडवलेले बिस्कीट निराळेच.

लहान झालेल्या पोटाला असे फसवता येते. भाकरी-उसळ दोन-चार घासांत पोट भरवते, पण चहा, सरबत, आइस्क्रीम, बिस्किटे, फरसाण ही मऊ आणि पातळ होऊन घसरत खाली जातात. पोट भरल्याची जाणीवच होत नाही. शिवाय शेळीसारखे चरण्याची सवय लागते. एका वेळी जास्त खाता येत नाही, म्हणून पोत्यातले शेंगदाणे मूठभर, डब्यातला चिवडा चिमूटभर, पोरांच्या ताटातले उरलेले, असे दिवसभर तोंड हलते. तिसऱ्या वर्षापुढे वजन वाढलेल्यांपैकी पुष्कळांचे मूळ यातच सापडते. भूकही दीड-दोन वर्षांनी थोडी जागी होते, त्याने घाबरून जाऊ नये, पण वेळा बांधून घ्याव्यात. आमच्या वेळा पाच आहेत, मधल्या वेळात फक्त पाणी किंवा मीठ घातलेले पातळ ताक.

ठिबक आणि पाटपाणी

जेवताना तांब्या-भांडे शेजारी घेऊन बसण्याची आपली रीत आहे. ती मोडावी लागते. पाटाने धो धो पाणी सोडले की युरिया जसा मुळाखाली धुऊन जातो, तसे घासागणिक पाणी प्याले की अन्न लवकर पुढे ढकलले जाते आणि तासाभरात पुन्हा भूक लागते. जागाही पाण्यानेच भरते. जेवणानंतर अर्धा तास पाणी नाही, जेवणाच्या जरा आधीही नाही. पण दिवसभरात दीड-दोन लिटर पाणी मात्र गेले पाहिजे, आणि उन्हात रानात असलो तर अधिक. ते एकदम घटाघटा पिता येत नाही, म्हणून ठिबकप्रमाणे घोट घोट. बाटली गळ्यात अडकवून फिरणारा अधिकारी पाहून प्रथम लोक हसले, आता कुणी हसत नाही.

घास लहान घ्यावा आणि तोंडातच पीठ होईपर्यंत चावावा. अर्धी भाकरी संपवायला वीस-पंचवीस मिनिटे लागली पाहिजेत. पोट भरले असे वाटण्याच्या अलीकडे, छातीखाली थोडा दाब जाणवताच हात थांबवावा; त्यापुढचा एक घास उलटी काढतो. हे आम्ही लग्नाच्या पंगतीत भर मांडवात शिकलो, तपशील सांगत नाही.

ताटात आधी काय

या शस्त्रक्रियेनंतर दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रथिने पोटात जावीत असे सांगतात. ती कमी पडली की शरीर मांसाचेच इंधन करते, केस गळतात, पायावर सूज येते, कुदळ उचलवत नाही. पोटात जागा चहाच्या कपाएवढी, तेव्हा ती आधी भाताने भरली तर डाळ कुठे ठेवायची? म्हणून क्रम उलटा : आधी घट्ट वरण, उसळ, पनीर, अंडी-मासे खाणाऱ्यांनी ते, मग भाजी, शेवटी उरली जागा तर भाकरी, आणि भात आलाच तर चमचाभर.

आमच्या गळ्यात माळ आहे, त्यामुळे अंडे-मटण नाही. तरी हिशोब बसतो. सकाळी २०० मिली दूध आणि चाळीस ग्रॅम मूगडाळीचे धिरडे, मिळून सोळा ग्रॅम प्रथिने. दुपारी चाळीस ग्रॅम मटकीची उसळ (कोरड्या मटकीचे वजन), वाटीभर दही, अर्धी भाकरी, असे सोळा-सतरा. चार वाजता मूठभर फुटाणे, सहा. रात्री सत्तर ग्रॅम पनीर किंवा पंचवीस ग्रॅम सोयाबीनच्या वड्या आणि पुन्हा अर्धी भाकरी, सोळा-सतरा. झोपताना दूध, सहा-सात. साठीच्या घरात पोहोचतो. मांसाहारी सभासदांना हे सोपे आहे, एका अंड्यात सहा ग्रॅम मिळतात. मात्र तांबड्या रश्श्याची वाटी पिऊन प्रथिने मिळाली असे समजू नये, ती वाटीच्या तळाशी राहिलेल्या फोडीत असतात.

एकादशीचे सांगितले पाहिजे. साबुदाण्याची खिचडी म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्च, तुपात परतलेला. प्रथिन म्हणाल तर त्यात घातलेल्या शेंगदाण्याचे तेवढे. आम्ही आता एकादशीला दूध, ताक, पनीर, शेंगदाणे आणि थोडा राजगिरा घेतो. निर्जळी उपास या माणसांनी करू नये. आमच्या महाराजांना विचारले तेव्हा ते म्हणाले, "आजाऱ्याला उपास नाही, औषध हाच नेम." आमचा प्रश्न मिटला.

केवडा

वजन परत आल्याचे चारचौघांना दिसते. दुसरे नुकसान दिसत नाही, आणि तेच जास्त घातक. चुनखडीच्या रानात उसाची कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, त्याला आपण केवडा म्हणतो. माती परीक्षण केले तर लोह जमिनीत असते. चुन्यामुळे ते पिकाला उचलता येत नाही. मग आपण हिराकस शेणखतात मुरवून देतो किंवा फवारतो.

शस्त्रक्रिया झालेल्या पोटात असाच केवडा होतो. लोह मुख्यतः आतड्याच्या सुरुवातीच्या भागात शोषले जाते, बायपासमध्ये अन्न तो भागच टाळून जाते. बी-१२ जीवनसत्त्व अन्नातून सुटे करायला जठराचे आम्ल लागते, आणि ते शोषले जायला जठरातच तयार होणारे एक द्रव्य लागते. स्लीव्हमध्ये तयार करणारा भाग कमी झालेला, बायपासमध्ये वाटेबाहेर गेलेला. अन्नात असूनही अंगी लागत नाही. त्यातून आम्ही शाकाहारी, बी-१२ आमच्या ताटात दुधा-दह्यातून येईल तेवढेच. म्हणून लोह, बी-१२, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि बहुजीवनसत्त्वाची गोळी ही आयुष्यभराची असते. त्या टॉनिकच्या गोळ्या नव्हेत, एक पाट बुजवला त्याच्या बदल्यात घातलेली ती पाइपलाइन आहे. गंमत पाहा, येथेही चुना आडवा येतोच : कॅल्शियमची आणि लोहाची गोळी एकदम घेतली तर लोह नीट शोषले जात नाही. दोहोंत निदान दोन तासांचे अंतर ठेवावे, आणि लोहाच्या गोळीवर चहा पिऊ नये.

२०२० च्या टाळेबंदीत आमची पुण्याची फेरी चुकली. गोळ्या संपल्या, तब्येत झकास होती, पुन्हा आणल्या नाहीत. पुढच्या वर्षी तळपायाला मुंग्या येऊ लागल्या. वहाण पायात आहे की निसटली हे कळेना. आम्ही म्हटले, फार चालणे होते म्हणून. २०२२ च्या जानेवारीत एका सभासदाच्या प्लॉटवर बांधावरून जाताना पाय कुठे पडला ते समजलेच नाही आणि सरळ सरीत आडवे झालो. मागून ट्रॅक्टर येत होता. चालकाने ब्रेक दाबला म्हणून हा लेख लिहीत आहो. रक्त तपासले तर बी-१२ तळाला गेलेले. इंजेक्शने सुरू झाली, सहा-सात महिन्यांत तोल सावरला. डाव्या पायाच्या दोन बोटांतला बधिरपणा मात्र राहिला तो राहिलाच. उशीर झाला की नसांचे सगळे नुकसान भरून येत नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. गोळ्यांचा खर्च वाचवला म्हणून घरात कौतुक झाले होते, ते जाता जाता नोंदवतो.

याहून तातडीची एक गोष्ट बी-१ जीवनसत्त्वाची. शरीरातला त्याचा साठा दोन-तीन आठवड्यांपलीकडे पुरत नाही. शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला उलट्या लागल्या आणि दोन-तीन दिवस काही टिकेना, तर घरी ओवा-लिंबू करत बसू नये. तोल जाणे, दोन दोन दिसणे, बरळणे ही लक्षणे दिसली तर त्याच रात्री मोठा दवाखाना गाठावा. आणि गावातल्या दवाखान्यात ग्लुकोजची बाटली लावण्यापूर्वी "वजनाचं ऑपरेशन झालंय" हे स्पष्ट सांगावे. बी-१ न देता नुसते ग्लुकोज चढवले तर मेंदूला इजा होऊ शकते. आम्ही ही चिठ्ठी लिहून पाकिटात ठेवली आहे.

आणखी दोन-तीन गोष्टी भराभर. पंप पाठीवर घेऊन कंबर धरली की दुकानातून अंगदुखीची गोळी आणून टाकण्याची सवय आपल्याकडे आहे. बायपास झालेल्यांनी ती अजिबात करू नये, जोडाच्या जागी अल्सर होतो. विडी-सिगारेटनेही होतो, तंबाखूही सुटलेली बरी. दारू बायपासनंतर लवकर आणि जास्त चढते, पूर्वीचा माणूस चार पेल्यांत जिथे पोहोचे तिथे दोनांत पोहोचतो. ज्यांचे खाण्याचे व्यसन गेले त्यांतल्या काहींना दुसऱ्या वर्षानंतर पिण्याचे लागल्याचे पाहण्यात आले आहे. लेकी-सुनांची शस्त्रक्रिया झाली असेल तर दीड वर्षापर्यंत गरोदरपण टाळावे असे सांगतात. घरातल्या वडीलधाऱ्यांनी त्यासाठी घाई करू नये.

आग्रह

या सर्वांत अवघड भाग ताटाबाहेरचा. आपल्याकडे प्रेम वाढून दाखवतात. आमच्या मातोश्रींनी पहिल्या वर्षी आम्ही अर्धी भाकरी ठेवून उठलो की डोळ्याला पदर लावला. "एवढ्या कमावत्या माणसाला चिमणीचा घास", असे त्या शेजारी सांगत. त्यांना समजावून थकलो. शेवटी सौभाग्यवतींनी आमचे जेवण मुलांच्या लहान ताटलीत वाढायला सुरुवात केली. ताटली भरलेली दिसते, ती संपलेलीही दिसते, मातोश्रींचे समाधान होते. वर्षानुवर्षे टिकलेला आमच्या घरातला उपाय हाच.

सभासदांच्या घरी मात्र ताटली आमची नसते. "आमच्या घरचं चालत नाही होय?" हा प्रश्न अधिकाऱ्याला परवडत नाही, मागे एकदा चहा नाकारला तर तोडणीचा पाळीपत्रक बदलला म्हणून साहेब रुसले, अशी बातमी गावभर गेली. म्हणून येथे जाहीर सांगतो, रुसलो नव्हतो. ज्या घरात शस्त्रक्रिया झालेले माणूस आहे तेथे पाहुण्यांनीही "एकानं काय होतंय" हे वाक्य बोलू नये. त्या भगिनीच्या भावजयीने पुढच्या होळीला काय केले ते सांगतो. पुरण शिजवले, गूळ घालण्याआधी वाटीभर डाळ बाजूला काढली, तिला लसणाची फोडणी दिली आणि नणंदेपुढे कटाच्या आमटीबरोबर ठेवली. पोळी एक चतकोर. नणंद ते खाऊन दुपारी सर्वांबरोबर गप्पा मारत बसली होती.

आमचा काटा आज ९१ वर आहे. ८६ परत दिसेल असे आम्ही धरून चालत नाही. वर्षातून एकदा रक्त तपासून घेतो : हिमोग्लोबिन, लोहाचा साठा दाखवणारे फेरिटिन, बी-१२, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम. गळीत हंगाम सुरू होण्याच्या आधी, दसऱ्याच्या सुमारास, म्हणजे विसर पडत नाही. रिपोर्ट वहीत चिकटवतो, माती परीक्षणाचे जसे चिकटवतो तसे.

ज्या सभासदांच्या घरी शस्त्रक्रिया झाली आहे किंवा ठरली आहे त्यांनी गट ऑफिसात अगर चिटबॉयजवळ निरोप ठेवावा. ऊस नोंदीच्या फेरीत आम्ही वही घेऊन येऊ आणि घरच्या बाईमाणसांसमोर बसून दाखवू, कारण चूल त्यांच्या हाती आहे. आल्यावर ताक द्यावे, मीठ घालून. साखर नको.